गुडघा बदलण्याआधी कानातल्यांची गोष्ट सांगा: धातूची ॲलर्जी आणि कृत्रिम सांधे

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना होता: ‘औषधांची ॲलर्जी’. आई म्हणाली ‘नाही’, मी लिहिलं ‘नाही’, सिस्टरनं त्यावर बरोबरची खूण केली. परत येताना कर्वे रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि आई म्हणाली, “अगं, तो गुडघा कसला असतो? स्टीलचा का? मला खोटं काही सोसत नाही, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. तुळशीबागेतून घेतलेल्या बेन्टेक्सच्या कुड्या लग्नाच्या एका मुहूर्तापुरत्या घातल्या तरी तिचे कान आठ दिवस चिघळायचे. घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगट सोलवटायचं, म्हणून तिचं घड्याळ कायम कापडी पट्ट्याचं. पण या सगळ्याला आमच्या घरात कुणी कधी ॲलर्जी म्हटलंच नव्हतं. ‘सोसत नाही’ म्हणायचे, आणि विषय संपायचा. फॉर्म विचारतो ॲलर्जी आणि माणूस सांगतो सोसत नाही. या दोन शब्दांच्या फटीतून नेमकी ती माहिती निसटते, जी सर्जनच्या कामाची असते.

मी डॉक्टर नाही, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यानंतरच्या चार महिन्यांत सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ आणि मेडिक्लेमचा माणूस या तिघांकडे फेऱ्या मारताना जे कळलं, ते क्रमानं लिहिते आहे. घरात कुणाचा गुडघा किंवा खुबा बदलायचा असेल तर याच क्रमानं जा.

आधी हे समजून घ्या: आत नेमकं काय बसवतात

‘गुडघा बदलला’ म्हणतात, पण बदलतात ते हाडांचे झिजलेले पृष्ठभाग. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची पाटी, आणि दोन्हींच्या मधे पॉलिएथिलीनची, म्हणजे फार घट्ट विणीच्या प्लास्टिकची चकती. गुडघ्याच्या वाटीमागे कधी प्लास्टिकची एक गुंडी बसवतात. हे सगळं बहुतेक वेळा ‘बोन सिमेंट’नं हाडाला पक्कं करतात. नाव सिमेंट असलं तरी ते ॲक्रिलिक असतं, दातांच्या कवळीच्या जातीचं.

वरची टोपी सर्वसाधारणपणे कोबाल्ट-क्रोमची असते. त्यात साठ टक्क्यांहून जास्त कोबाल्ट, २७ ते ३० टक्के क्रोमियम, ५ ते ७ टक्के मॉलिब्डेनम आणि एक टक्क्याच्या आत निकेल. खालची पाटी कोबाल्ट-क्रोमची किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूची. या मिश्रधातूत साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. मोडलेलं हाड जोडायला ज्या स्टीलच्या पट्ट्या आणि स्क्रू वापरतात, त्या वेगळ्या. त्यात निकेल दहा टक्क्यांहून जास्त असतं.

इथे आईनं मला अडवलं. “मग मी चाळीस वर्षं स्टीलच्या ताटात जेवते आहे, त्याचं काय?” प्रश्न बरोबर आहे, आणि सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे. धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून बाहेर किती सुटतं, याला महत्त्व. चांगल्या स्टेनलेस स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि तो निकेलला आत कोंडून ठेवतो. खोट्या कुडीवर निकेलचा मुलामा असतो, घाम लागला की तो विरघळतो. सांध्याचं या दोन्हींच्या मधलं आहे: धातू घट्ट असतो, पण तो शरीराच्या खारट द्रवात वर्षानुवर्षं बसतो आणि पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, त्यामुळे धातूचे अगदी थोडे आयन, म्हणजे विद्युतभारित सूक्ष्म कण, सुटत राहतात. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. बहुतेकांना त्याचं काहीही होत नाही.

कुठली ॲलर्जी, आणि कुठली नाही

शेंगदाणे खाल्ले आणि घसा सुजला, ती ॲलर्जी तातडीची. धातूची ॲलर्जी संथ. त्वचेला धातू लागल्यावर प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी एकदोन दिवसांत जमा होतात, मग खाज, लाली, पाणी धरणं. निकेलची ॲलर्जी त्यात सर्वांत जास्त दिसते: साधारण दहा ते पंधरा टक्के लोकांना, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, कारण कान टोचणं आणि खोटे दागिने. निकेलवाल्यांना बऱ्याचदा कोबाल्टही सोसत नाही.

म्हणून हातावर टोचून करतात ती प्रिक टेस्ट इथे उपयोगाची नाही. ती धूळ, परागकण, खाण्याच्या वस्तू यांच्यासाठी. लॅबची जाहिरात असते तो शेकडो पदार्थांचा ॲलर्जी पॅनेलही नाही, त्यात तातडीच्या ॲलर्जीचे प्रतिपिंड मोजतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी गुडघ्यासाठी म्हणून तो पॅनेल करून घेतला. वांगी आणि हरभरा सोडला, निकेलचं काहीच कळलं नाही.

आणखी एक गोंधळ. ‘धातू रक्तात उतरला’ अशा बातम्या आपण वाचलेल्या असतात. त्या प्रामुख्यानं डिप्यू कंपनीच्या एएसआर नावाच्या खुब्याच्या सांध्याच्या आहेत. त्यात धातूवर धातू घासत असे, कोबाल्ट-क्रोमचा कीस आजूबाजूच्या मांसात साचत असे. कंपनीनं तो ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला, आणि भारतातल्या रुग्णांच्या भरपाईचं सूत्र केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं. ती मुख्यतः झिजेची आणि रचनेच्या दोषाची गोष्ट होती. गुडघ्यात धातूवर प्लास्टिक घासतं, त्यामुळे तो प्रश्न त्या रूपात येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे ऐकून मलाही हायसं वाटलं. कानाला निकेल सोसत नाही म्हणून गुडघ्यालाही सोसणार नाही, असं सिद्ध झालेलं नाही. डेन्मार्कमध्ये गुडघा बदललेल्यांच्या राष्ट्रीय नोंदी आणि पॅच टेस्टच्या, म्हणजे पाठीवर पट्टी लावून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीच्या, नोंदी जोडून पाहिल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. आधीपासून धातूची ॲलर्जी असलेल्यांत सांधा पुन्हा बदलावा लागण्याचं प्रमाण जास्त निघालं नाही. मात्र ज्यांचा सांधा दोन किंवा अधिक वेळा बदलावा लागला, त्यांच्यात कोबाल्ट आणि क्रोमियमची ॲलर्जी जास्त आढळली. कशामुळे काय झालं, हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणून सर्जन लोकांतही दोन तट आहेत. एक म्हणतो दुर्लक्ष करा, दुसरा म्हणतो पर्याय हाताशी असताना धोका कशाला. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

पहिली पायरी: घरी बसून ‘सोसत नाही’ची यादी

ही पायरी फुकट आहे आणि सर्वांत मोलाची. ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांच्याशेजारी वही घेऊन बसा. ‘ॲलर्जी आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’ येईल. वस्तूंची नावं घेऊन विचारा.

कान कधी टोचले? खोटी कानातली किती वेळ चालतात? चमकी किंवा नथ घातल्यावर नाक सुजतं का? जोडवी कसली आहेत? चांदीची असतील तर ठीक, पण ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून मिळणाऱ्या धातूत चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. घड्याळाच्या मागची तबकडी, पट्ट्याचं बक्कल, जीन्सचं बटण बेंबीशी लागतं तिथला काळा डाग, ब्राचा हूक, मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन. पुरुषांना हेच विचारा, ते बेंबीखालच्या डागाला ‘गजकर्ण’ समजून वर्षानुवर्षं मलम लावत असतात.

टिकलीमुळे कपाळावर पडलेला पांढरा किंवा खाजरा डाग मात्र या यादीत धरू नका. तो बहुधा टिकलीमागच्या गोंदाचा असतो. वेगळा लिहून ठेवा, ऑपरेशननंतरच्या चिकटपट्टीसाठी तो कामाला येईल.

मग पायातलं. क्रोमियम सोसत नाही त्याची खूण बहुधा पावलांवर दिसते, कारण बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. अस्सल कोल्हापुरी वनस्पतींच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची असते. ‘बूट घातले की पावलं उलतात, कोल्हापुरी चालते’ असं कुणी म्हणालं तर ते वाक्य जसंच्या तसं लिहा. त्वचेच्या डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळतं.

कामाचा इतिहास पुण्यात विसरून चालणारच नाही. भोसरी, पिंपरी, चाकणच्या पट्ट्यात आयुष्य काढलेली माणसं आता गुडघ्याच्या वयाला आली आहेत. प्लेटिंगच्या टाकीवर काम केलेल्याचा निकेल आणि क्रोमियमशी संबंध आलेला असतो. कार्बाइडची टूल घासणाऱ्याचा कोबाल्टशी. गवंडीकाम केलेल्याचे हात सिमेंटनं फाटत असतील तर त्यामागे सिमेंटातलं क्रोमियम असू शकतं. माझे मामा रिटायर होईपर्यंत प्लेटिंग शॉपला होते. “हाताला खरूज आमच्यात सगळ्यांनाच असायची,” म्हणाले. ती खरूज नव्हती.

शेवटी, शरीरात आधी काही धातू बसला आहे का: हाडाची पट्टी, दातांच्या तारा, स्टेंट, जुना सांधा. त्यावरच्या त्वचेवर पुरळ उठलं होतं का, जखम भरायला वेळ लागला का, पट्टी काढल्यावर खाज गेली का. हे उत्तर ‘हो’ असेल तर यादीत त्याला लाल शाईनं अधोरेखित करा.

यादी कोरी निघाली? तर पुढच्या बहुतेक पायऱ्या तुम्हाला लागणार नाहीत. काही त्रास नसलेल्या प्रत्येकाची चाचणी करावी, असं तज्ज्ञही सांगत नाहीत.

दुसरी पायरी: सर्जनना सांगणं, तेही वेळेवर

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञांना सांगून उपयोग नाही. वेगळा सांधा मागवायला वेळ लागतो, आणि त्याच्या सगळ्या मापांचा संच ऑपरेशनच्या दिवशी तिथे हजर लागतो, कारण नेमकं माप आत गेल्यावरच ठरतं. तारीख ठरण्याआधीच्या भेटीत सांगा. लेखी द्या आणि फाइलला लावायला सांगा.

आमच्या सर्जननी यादी वाचली आणि आईला विचारलं, “काकू, सोन्याचं चालतं ना?” चालतं म्हटल्यावर म्हणाले, “मग निकेलच असणार, पण बघून घेऊ.” त्यांना विचारण्यासारखे प्रश्न असे होते: तुम्ही नेहमी बसवता त्या सांध्याची वरची टोपी कोणत्या धातूची? खालची पाटी कोणत्या? ॲलर्जी निघाली तर तुमच्या हाताला सवय असलेला दुसरा पर्याय कोणता? शेवटच्या प्रश्नावर माझा भर आहे. ज्या सांध्याची सवय नाही तो केवळ धातूसाठी बसवायला लावण्यापेक्षा, सवयीचा सांधा नीट बसणं गुडघ्यासाठी अधिक मोलाचं असू शकतं.

टाके घालायला स्टीलच्या पिना वापरणार की धागा, हेही याच भेटीत. पिना दहाबारा दिवस त्वचेतच असतात. धागा वापरा म्हटलं की बहुतेक सर्जन हरकत घेत नाहीत.

तिसरी पायरी: पॅच टेस्ट

यादीत ठोस काही असेल तरच ही पायरी. ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. सगळ्यांच्या दवाखान्यात होत नाही, त्यामुळे आधी फोन करून विचारा; मेडिकल कॉलेजांच्या त्वचाविभागांत चौकशी करणं सोपं पडतं. विचारताना ‘मेटल सिरीज आहे का’ असं स्पष्ट विचारा. भारतीय मानक संचात निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम येतातच. बोन सिमेंटमधले घटक आणि त्यात मिसळतात ते जेंटामायसिन हे अँटिबायोटिक हवं असेल तर मात्र वेगळं सांगावं लागतं.

पाठीवर छोट्या तबकड्यांची पट्टी चिकटवतात. प्रत्येक तबकडीत एकेक पदार्थ: निकेल सल्फेट, कोबाल्ट क्लोराइड, पोटॅशियम डायक्रोमेट. पट्टी ४८ तास ठेवायची, मग काढून पहिली नोंद. दुसरी नोंद तिसऱ्या-चौथ्या दिवशी. आणि धातूंसाठी सातव्या दिवसाच्या आसपास आणखी एक, कारण धातू उशिरा उमटतात. ही शेवटची फेरी लोक टाळतात. रिक्षाचे पैसे वाचतात आणि निकाल अर्धा राहतो.

आता पुण्याची म्हणून एक गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत ही चाचणी शक्यतो करू नका. पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, पट्टी सुटू द्यायची नाही. मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या घरात हे अशक्य. घामानं पुटकुळ्या येतात आणि त्या ॲलर्जीसारख्या दिसतात. आईची चाचणी डिसेंबरात केली. आठवडाभर तिनं अंगाला ओल्या टॉवेलनंच पुसलं, आणि पाठीवरच्या खुणांना पेननं केलेली वर्तुळं पुसू नयेत म्हणून जुना सुती ब्लाऊज उलटा करून घातला, म्हणजे शिवण पाठीला लागत नाही. ही युक्ती डॉक्टरांनी सांगितली नव्हती.

चाचणीआधी पाठीवर स्टेरॉइडचं मलम लावलेलं नसावं. पोटातून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनानं बंद करू नका, संधिवाताच्या रुग्णांनी तर मुळीच नाही.

निकाल अधिकच्या चिन्हांत येतो: एक, दोन किंवा तीन. आईचं निकेलला दोन, कोबाल्टला एक, क्रोमियम कोरं. याचा अर्थ तिच्या त्वचेला हे धातू ओळखीचे आहेत, इतकाच. गुडघा ‘नाकारला जाणार’ असा नाही. टायटॅनियमची पॅच टेस्ट भरवशाची मानली जात नाही, आणि टायटॅनियमची ॲलर्जी मुळात फार विरळ. रक्तातल्या पेशींवर करायची लिम्फोसाइट ट्रान्सफॉर्मेशन टेस्ट परदेशात काही ठिकाणी होते, आपल्याकडे सहज मिळत नाही. तिच्यासाठी ऑपरेशन लांबवायची गरज नाही.

चौथी पायरी: कोणता सांधा, आणि ‘टायटॅनियम’ शब्दाची गंमत

पहिल्या एका हॉस्पिटलच्या काउंटरवर आम्हाला रंगीत पत्रक देऊन सांगितलं गेलं, “गोल्ड नी घ्या, ॲलर्जी असो नसो, तीस वर्षं बघायला नको.” आई म्हणाली, “सोन्याचा गुडघा? मग लॉकरमध्ये ठेवायचा का?”

सोनं त्यात नसतं. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइड किंवा तत्सम लेपाचा असतो. लेपाखाली तोच नेहमीचा कोबाल्ट-क्रोम. धातूचे आयन बाहेर पडू नयेत म्हणून लेप देतात आणि तो उद्देश रास्त आहे, पण तीस वर्षांची खात्री काउंटरवरच्या माणसानं द्यायची गोष्ट नव्हे. ॲलर्जी नसलेल्यानं केवळ रंगासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

‘टायटॅनियमचा गुडघा’ म्हटलं की विचारा: कुठला भाग? टायटॅनियम हाडाशी छान जमतं, पण मऊ आहे, घासलं की ओरखडे पडतात. त्यामुळे वरची घासणारी टोपी साध्या टायटॅनियमची करत नाहीत. पुष्कळदा ‘टायटॅनियम गुडघा’ म्हणजे फक्त खालची पाटी टायटॅनियमची आणि वरची टोपी कोबाल्ट-क्रोमची. निकेल-कोबाल्ट सोसत नाही त्याच्यासाठी असा सांधा अर्धाच उपाय झाला.

वरच्या टोपीसाठी खरे पर्याय मोजके. एक, ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम: झिर्कोनियम आणि थोडं नायोबियम यांचा मिश्रधातू तापवून त्याच्या पृष्ठभागाचं काळं, चिनी मातीसारखं टणक ऑक्साइड करतात. हा वरून दिलेला लेप नाही, धातूचाच पृष्ठभाग बदललेला असतो, आणि निकेल जवळजवळ नसतंच. दुसरा, वर सांगितलेला लेपाचा सांधा. खाली टायटॅनियमची पाटी किंवा धातूविरहित पूर्ण प्लास्टिकची पाटी. आईला झिर्कोनियमची टोपी आणि टायटॅनियमची पाटी बसवली.

खुब्याचं सोपं आहे. सिमेंटशिवाय बसवायची दांडी टायटॅनियमची, वरचा गोळा सिरॅमिकचा, आतला कप प्लास्टिकचा: कोबाल्ट-निकेल टाळून सांधा पूर्ण होतो, आणि अनेक सर्जन एरवीही हाच बसवतात. सिमेंटनं बसवायची दांडी असेल तर धातू विचारून घ्या, त्या बहुधा स्टीलच्या किंवा कोबाल्ट-क्रोमच्या असतात.

पैशांचं. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या संचाची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली, आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या संचाची ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. पुढे या मर्यादेचा वेळोवेळी आढावा झाला आहे, म्हणून तुमच्या तारखेची किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. मुद्दा एवढाच की ‘ॲलर्जीचा स्पेशल सांधा’ म्हणून कुणी दीडदोन लाख जास्त सांगत असेल, तर त्या जास्तीच्या रकमेत सांधा किती आणि बाकी काय, हे फोडून मागा. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. मेडिक्लेम असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जाला पॅच टेस्टचा कागद आणि सर्जनची दोन ओळींची चिठ्ठी जोडा; आमच्याकडे पहिल्यांदा चिठ्ठी नव्हती आणि फाइल परत आली.

पाचवी पायरी: स्टिकर

प्रत्येक भागाच्या खोक्यावर स्टिकर असतं: कंपनी, धातू, माप, बॅच क्रमांक. ते रुग्णाच्या फाइलला लावतात. डिस्चार्जच्या दिवशी त्यांचा संच आपल्यालाही मिळायला हवा. मागा, आणि फोनवर फोटो काढा. दहा वर्षांनी काही शंका आली तर आत काय आहे हे सांगणारा दुसरा पुरावा सहसा हाती नसतो. माझ्या मामींच्या पायातल्या १९९६ च्या पट्टीचा धातू आज कुणालाच सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर खाज आली, गुडघा दुखतो

इथे लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि सर्वांत जास्त चुका करतात.

नवा गुडघा महिनोन् महिने गरम आणि थोडा सुजलेला राहतो. सहा महिन्यांपर्यंत ही ऊब नेहमीची आहे. आईच्या गुडघ्यावर दहाव्या दिवशी लाल चट्टे उठले तेव्हा माझंही धाबं दणाणलं. सर्जननी नुसतं पाहिलं आणि हसले: चट्टे चिकटपट्टीच्या कडेनं आखल्यासारखे चौकोनी होते. गोंद. टिकलीचा डाग यादीत लिहिलेला होता, आणि मीच तो विसरले होते.

जखमेवर घरचं सोफ्रामायसिन लावू नका. त्यातल्या फ्रामायसेटिनची आणि त्याच्याच घराण्यातल्या निओमायसिनची ॲलर्जी नेहमीची आहे, आणि पुरळ उठलं की दोष सांध्याला जातो. जंतुनाशकांमुळेही असं होतं. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला काही महिन्यांनी बधिर त्वचेवर इसब उठतं, तेही बहुधा धातूचं नसतं. ऑपरेशनमध्ये त्वचेची एक बारीक नस कापली जाते, तिथली त्वचा कोरडी पडते आणि खाजते. त्वचेच्या डॉक्टरांच्या मलमानं ते आटोक्यात येतं.

धातूची शंका घ्यायची ती कधी? दुखणं, सूज, आखडलेपणा महिनोन् महिने हटत नाही आणि बाकी सगळी कारणं तपासून झाली आहेत, तेव्हा. क्रम असा: सर्वांत आधी जंतुसंसर्ग. त्यासाठी सीआरपी आणि ईएसआर या रक्तचाचण्या, आणि गरज पडली तर गुडघ्यातलं पाणी काढून पेशींची तपासणी आणि कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहणं. कल्चरच्या आधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक घेतलेलं नसावं, नाहीतर जंतू लपतात. म्हणून ‘सूज आहे, पाच दिवसांचा कोर्स करून टाकू’ असं परस्पर करू नका. मग एक्स-रे: सांधा ढिला झाला आहे का, तिरका बसला आहे का. मग कंबर आणि खुबा, कारण तिथलं दुखणं गुडघ्यात उतरतं. हे सगळं कोरं निघालं की पॅच टेस्ट. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत गुडघा बदललेल्यांपैकी पाचात एक जण पूर्ण समाधानी नसतो. त्यातल्या फारच थोड्यांचं कारण धातू असतं.

तापाबरोबर गुडघा लालबुंद झाला, जखमेतून पाणी किंवा पू आला, पोटरी सुजून दुखायला लागली, तर यातलं काहीही वाचत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सांधा बसून गेला आहे आणि ॲलर्जी आत्ता कळली

त्रास नसेल तर काही करायचं नाही. पॅच टेस्टही नाही. निकेल न सोसणारी असंख्य माणसं कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्यावर आरामात चालतात, आणि चांगला चाललेला गुडघा केवळ चाचणीतल्या अधिकच्या चिन्हासाठी उघडू देऊ नये. एक सर्जन पुन्हा बदलायला सांगत असतील तर दुसऱ्याचं मत घ्या, आणि पाणी काढून तपासल्याशिवाय तर अजिबात होकार देऊ नका.

त्रास असेल आणि सांध्याबद्दलच रास्त शंका असेल, तर तो कागदावर यायला हवा. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम भारतात २०१५ पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. तक्रार रुग्णालाही करता येते, डॉक्टरच लागतात असं नाही. फोन करताना हातात स्टिकरचा फोटो ठेवा, बॅच क्रमांक विचारतील.